दोन बुद्रुकांचा रुमाल

महाडला सावित्रीच्या बाजूला, बाजारपेठेच्या मागे, त्या काळी एक दप्तर होते. आज ते नाही आणि त्याची इमारतही नाही. मामलेदार कचेरीशी त्याचा संबंध शाईपुरता होता. शाई तिकडून येई. बाकी ते स्वतंत्र चाले, आणि आपल्याकडे कोणी येऊ नये अशाच बेताने चाले. दाराला दोन पायऱ्या होत्या. खालची पुराने खचली होती. आलेल्या माणसाने त्या खचलेल्या पायरीवर उभे राहून बोलायचे आणि दप्तरदाराने आतून, टेबलामागून, उत्तर द्यायचे अशी रीत होती. बसायला बाहेर काही नव्हते. आत दोन खुर्च्या होत्या, त्यांतली एक दप्तरदाराची.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात कामाला होतो. घर महाडचे, म्हणून महाड-पोलादपूरकडे काही घडले की मला पाठवीत. एकोणीसशे तिसाच्या आगेमागे हे दप्तर मोडून त्यातले कागद घाटावरच्या मोठ्या दप्तरात हलवायचे ठरले. त्यावर एक लेख हवा होता. संपादकांना गडांवरचे जुने कागद, फर्माने, शिक्के असे काही अपेक्षित होते. मी काही दिवस त्या दुसऱ्या खुर्चीवर बसून दप्तर पाहिले. खुर्ची मिळाली ती वर्तमानपत्रामुळे. दप्तरदाराला वर्तमानपत्रांचा तिटकारा होता, पण भीतीही होती.

दप्तराची हकीकत थोडक्यात अशी. जुन्या अमलात गडांवरच्या आणि घाटवाटांवरच्या कारकुनांकडे जे कागद होते, ते राज्य गेल्यावर पोत्यांत भरून महाडला आले आणि कोणाच्या तरी ओसरीवर पडून राहिले. पुढे पाहणीचे अंमलदार आले. गावोगाव जमिनी मोजून त्यांनी लोकांच्या जबान्या घेतल्या. ते कागद ठेवायला जागा लागली, म्हणून नदीजवळची एक जुनी वखार घेतली गेली. नदीजवळची वखार स्वस्तात का मिळाली, हे पहिल्याच पावसाळ्यात कळले. खालच्या फडताळांत पाणी शिरले. जे कागद भिजले त्यांच्या नकला करून घेतल्या, आणि मूळ कागदही टाकवेनात म्हणून तसेच ठेवले. अशा रीतीने एका गावाचे दोन दोन संच झाले.

दप्तरात जे होते त्यात फर्माने फारशी नव्हती. गडांवरच्या शिबंदीला दिलेल्या धान्याच्या याद्या होत्या. सावित्रीवरच्या तरींचे ठेके, घाटाच्या नाक्यांवरची जकात, देवस्थानांची इनामे, कापडावर चिकटवलेले गावांचे नकाशे होते. सगळ्यांत जास्त होत्या त्या जबान्या: कोणाची हद्द कुठवर, कोणाचे पाणी कुठून, कोणत्या झाडाचे आंबे कोणाचे. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध सांगितलेले शब्द मोडीत उतरवून ठेवले होते. त्या मुलखातल्या माणसांनी एकमेकांबद्दल चांगले काही सांगितल्याचा कागद मला आढळला नाही. तसला कागद करण्याची वेळच कोणावर येत नाही, हेही खरे.

हे सारे रुमालांत बांधलेले असे. दप्तरात रुमाल म्हणजे खारव्याचे लाल जाडेभरडे चौकोनी फडके, आणि त्यात बांधलेला कागदांचा गठ्ठाही रुमालच. एका गावाचा एक रुमाल. गाठीखाली गावाच्या नावाची चिठ्ठी शिवलेली. फडताळावर रुमाल चिठ्ठीप्रमाणे लागत; आत काय आहे याच्याशी फडताळाला कर्तव्य नव्हते.

गाठीचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर झाले. ज्या कागदांवरून दोन पक्षांत तंटा असे, त्यांचा रुमाल दोन्ही पक्षांच्या देखत बांधीत आणि गाठीवर लाख लावीत. मग ती लाख दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय कोणी फोडायची नाही. कोणी एकट्याने येऊन कागद काढला किंवा घातला, असे दुसऱ्याने म्हणू नये यासाठी हा नियम होता. तो कोणी घातला ते ठाऊक नाही. दप्तरदार मात्र तो देवाच्या नियमासारखा पाळीत.

हे दप्तरदार देशावरून बदलून आलेले होते. त्यांना कोकणातला ओलावा सोसत नसे आणि कोकणातली माणसे त्याहून नाही. दारात कोणी आले की प्रथम त्यांची मान कागदात जाई. हातात काम नसले तरी जाई. एकच काम ते दुसऱ्याला करू देत नसत, ते म्हणजे रुमाल बांधण्याचे. चारी कोपरे ओढून ते अशी गाठ मारीत की रुमाल हलवला तरी आत कागद सरकत नसे.

दप्तर हलवायच्या हुकमात एक कलम होते. एका नावाचा एकच रुमाल पुढे पाठवावा. त्याच नावाचा दुसरा निघाल्यास दुबार समजावा, आणि दोहोंपैकी खराब झालेला नष्ट करावा. कलम पुरानंतरच्या नकलांसाठी होते, आणि त्या दृष्टीने बरोबर होते. ते लिहिणाऱ्याला पोलादपूरच्या पुढची दोन गावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या दोन गावांचे मूळ नाव एकच. ते इथे देत नाही. त्यांतले वरचे, डोंगराच्या सोंडेवरचे, ते बुद्रुक. खालचे, खोऱ्यातले, ते खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे मराठी माणसाला सांगायला नको. पूर्वी केव्हा तरी वरचे गाव खरोखर मोठे असेल. माझ्या काळी ते उतरले होते. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होता, आणि मागे राहिलेली माणसे नाचणी-वरी करीत होती. खालच्या गावात भातशेती होती, खोतांचा चौसोपी वाडा होता, आणि विहिरीवर रहाट होता. तरी ते खुर्द.

शिमग्याला दोन्ही गावांच्या पालख्या मधल्या रानात भेटत. बुद्रुकाची पालखी पुढे, खुर्दाची मागे, असा मान होता. अंगणात भाताच्या हत्तीएवढ्या उडव्या रचणाऱ्या खोतांना, ज्यांच्या घरी दोन वेळचा भात नाही त्यांच्या पालखीमागे उन्हात उभे राहावे लागे. त्यात खोतांच्या मुलीचे लग्न मुंबईकडच्या घरात ठरले, आणि पत्रिका वाचून व्याह्यांनी, "म्हणजे तुम्ही धाकटे होय," असा विनोद केला. विनोद जुनाच होता, पण तो पंगतीत झाला.

त्यानंतर खोतांनी अर्ज केला. आपले गाव वस्तीने आणि उत्पन्नाने मोठे असून त्यास खुर्द म्हणणे चुकीचे आहे, सबब बुद्रुक लिहावे. दप्तरात तेव्हा आधीचे दप्तरदार होते. त्यांनी शब्दाचा अर्थ पाहिला, गावाचा आकार पाहिला आणि अर्ज मंजूर केला. खुर्दाच्या रुमालावरची चिठ्ठी उसवून बुद्रुकाची शिवली. वरच्या गावाच्या चिठ्ठीला कोणी हात लावला नाही, कारण वरच्या गावाने काही अर्ज केला नव्हता. त्या दिवसापासून फडताळात दोन बुद्रुक होते आणि खुर्द एकही नव्हते. खोतांनी गावच्या वेशीवर नव्या नावाची पाटी लावली. वरच्या गावातली माणसे बाजाराला जाता येता ती पाटी बघून थुंकत.

आता मधल्या रानाविषयी. नाचणीचे रोप टाकण्याआधी त्या जमिनीवर झाडांचा तोडलेला टहाळ आणि पालापाचोळा पसरून भाजावा लागतो. त्याला राब म्हणतात. राबाशिवाय रोप धरत नाही आणि रोपाशिवाय डोंगरात पीक नाही. वरचे गाव पिढ्यान्‌पिढ्या मधल्या रानातला टहाळ तोडीत आले होते. खोतांना ते रान कोळशाच्या भट्ट्यांसाठी हवे होते. मुंबईला कोळसा खपत होता. तेवढ्यात जंगलवाल्यांनी हद्दीचे दगड आणून रानाच्या पायथ्याशी टाकले. त्यांचे म्हणणे असे, की पाहणीच्या वेळचा कागद जे गाव दाखवील त्याला टहाळ मिळेल. कोणीच दाखवला नाही तर रान बंद होईल. तंटा चालू असेल तर निकाल लागेपर्यंत पूर्वीची वहिवाट चालू राहील.

कागद होता. पाहणीच्या वेळी दोन्ही गावांच्या थोरल्या माणसांनी एका जागी बसून जबानी दिली होती. ती वरच्या गावाच्या रुमालात होती. तो रुमाल खालच्या फडताळातला, नकला करणे बंद झाल्यानंतरच्या पुरात भिजलेला, म्हणून त्याची नक्कल नव्हती. दुबार रुमालांची छाननी झाली तेव्हा बुद्रुक दोन निघाले आणि त्यांतला खराब झालेला कोणता, हे डोळे मिटून वासावरून सांगता आले असते.

दप्तरदारांनी रीतीप्रमाणे दोन्ही गावांना बोलावणे धाडले. खोत कोट घालून, छत्री घेऊन आले. त्यांना मी बसलो होतो ती खुर्ची मिळाली. मी फडताळाला टेकून उभा राहिलो. वरच्या गावचा पाटील खचलेल्या पायरीवर उभा राहिला. त्याच्याबरोबर त्याची विधवा बहीण होती. ती बाजारात हिरडा आणि शिकेकाई विकायला येई, महाडची तिला माहिती होती, म्हणून पाटलाने तिला सोबत आणली होती. टोपली तिने पायरीच्या कडेला ठेवली. माझ्याकडे बघून तिने भावाला मोठ्याने विचारले की हा कोण, ह्याला पण आपले गाव पाहिजे काय. मी वर्तमानपत्राचा माणूस आहे असे सांगितले. तिला त्याने काही बरे वाटले नाही.

दप्तरदारांनी कलम वाचून दाखवले आणि मान खाली ठेवूनच सांगितले, "दोन गावांना एक नाव दप्तरात चालत नाही. एकाने आपण खुर्द असल्याचा अर्ज द्यावा. दोन्ही रुमाल जातील. नाही तर भिजलेला काढावा लागेल."

"काडावा म्हंजे?" पाटलाने विचारले.

"जाळावा."

पाटलाची बहीण म्हणाली की आत उघडून बघा की, कोण थोरलं ते लिहिलेलं असेल. दप्तरदारांनी सांगितले की चिठ्ठी अर्जावरून बदलली आहे आणि ज्याने बदलून घेतली त्याच्या अर्जावरूनच पुन्हा बदलेल. आतल्या कागदावरून चिठ्ठी बदलण्याचा त्यांना अधिकार नाही. हे त्यांनी तिला नाही, टेबलाला सांगितले.

खोतांनी आपला विषय कधीच निकालात निघाला असल्याचे सांगितले. ज्यांची अडचण असेल त्यांनी अर्ज करावा.

"खोत," बहीण म्हणाली, "शिमग्याला आमची पालखी फुडं निगते, तवा तुमी मागं कुठल्या गावचे म्हनून हुबे ऱ्हाता?"

"शिमग्याच्या गोष्टी इथे नकोत, बाई."

"बरं. मंग पाटी रंगवलीत ती तरी कुठल्या सनाला?"

खोत पाटलाकडे वळले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अरे, नाव काय ताटात वाढून घ्यायचं आहे? लिहून दे खुर्द. तुझा कागद वाचेल, माझंही काही जाणार नाही. इथे बायकांचं ऐकू नको."

पाटलाने मागे वळून पाहिले. बाहेर गाड्या लागल्या होत्या. रुमाल भरायचे काम चालू होते. मग त्याने अर्ज लिहायला सांगितले. दप्तरदारांनी तो स्वतः लिहिला, चार ओळींचा. बहिणीने तोंड फिरवले. पाटलाने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि अंगठा कागदावर नेताना थांबला.

"येक सांगा," त्याने दप्तरदारांना विचारले. "आतल्या कागदात मदल्या रानाचा टाहाळ कोनाचा लिवलाय?"

दप्तरदारांनी दोन्ही रुमाल छाननीच्या वेळी पाहिले होते. "बुद्रुकाचा," ते म्हणाले.

"आनि ह्यांच्या रुमालात ह्यांना काय लिवलंय?"

"पानोपान खुर्द."

"आता चिठी बदलली, तर आत पन बदलनार?"

"आतले अक्षर बदलता येत नाही."

पाटलाने अंगठा धोतराला पुसला. धोतरावर काळा डाग उमटला. "म्हंजे आमी खुर्द झालो, की कागदातला बुद्रुक ह्यो," तो म्हणाला. त्याने हे खोतांकडे बघून म्हटले. "नाव दिलं, की रान पन गेलं."

खोत छत्रीची मूठ बघत होते. त्यांना हे नवीन नव्हते, एवढे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

"बग रे दादा," बहीण म्हणाली. "ताटात नाव नको व्हतं त्याला. रान वाडून पायजे व्हतं."

पाटलाने अर्ज नाकारला. खोतांनी तर अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता. दप्तरदारांनी दोघांना पुन्हा एकदा विचारले, आपण कोण. दोघांनीही बुद्रुक सांगितले. राहिला भिजलेला रुमाल. शिपायाने तो टेबलावर आणून ठेवला. त्याला कुबट वास येत होता आणि त्याच्या एका कोपऱ्यावर पुराच्या पाण्याची पिवळी कड होती. मागच्या अंगणात दुबार रुमालांचा ढीग होता. संध्याकाळी तो पेटवायचा होता.

पाटलाची बहीण पायरीवर बसली. तिथे कोणी बसत नसे. "जाळा," ती म्हणाली. "पन दोगांच्या देखत जाळा. बांदताना दोगांना बोलावता ना? मंग जाळताना ह्यो पन हुबा ऱ्हाऊ दे. त्याच्या डोळ्यात पन धूर जाऊ दे."

इथे खोतांचा संयम सुटला. त्यांना पोलादपूरला परतायचे होते आणि मोटार निघून गेली असती. ते उठले आणि दप्तरदारांना म्हणाले, "माझी इथे काय गरज? चिंध्या बांधायच्या आणि चिंध्या जाळायच्या, एवढ्यासाठी सरकार तुम्हाला पगार देते वाटतं. त्याला साक्षीदार कशाला?"

दप्तरदारांनी प्रथमच मान वर केली. मला वाटले, ते खोतांना बाहेर काढतील. त्यांनी तसे काही केले नाही. शिपायाला त्यांनी खारव्याचे एक मोठे नवे फडके आणायला सांगितले आणि ते टेबलावर पसरले. त्यावर भिजलेला रुमाल ठेवला. मग फडताळातून खोतांच्या गावाचा कोरडा, नीट बांधलेला रुमाल काढला आणि तो त्याच्यावर ठेवला. चारी कोपरे ओढले आणि त्यांची ती गाठ मारली.

"हे काय चालवलंय?" खोत म्हणाले.

"हुकूम. एका नावाचा एक रुमाल." दप्तरदार चिठ्ठी लिहीत होते. "आपण दोघेही बुद्रुक आहात, असे दोघांनीही माझ्यासमोर दोनदा सांगितले. मौजे बुद्रुक. रुमाल एक. दुबार काही उरले नाही."

"माझ्या गावाचे कागद बाहेर काढा."

"जरूर. खुर्दाचे कागद वेगळे करावेत असा अर्ज द्या."

शिपायाने मेणबत्ती लावली. दप्तरदारांनी लाख वितळवून गाठीवर टाकली आणि शिक्का दाबला. लाख थंड होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मग त्यांनी नेहमीच्या सुरात, तोंडपाठ म्हणावे तसे सांगितले, "दोघांच्या देखत बांधला. दोघांच्या देखत सुटेल."

त्यांनी हे वरच्या गावासाठी केले असे मी तेव्हाही मानले नाही आणि आजही मानत नाही. ते त्यांनी चिंध्या या शब्दासाठी केले. पाटील दारातून जाईपर्यंत त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही.

पाटीलही खूश नव्हता. आमचा कागद ह्यांच्या कागदाला कशाला बांधलात, असे त्याने विचारले. दप्तरदार वहीत रुमालाची नोंद करू लागले. खोत कोटाची बटणे लावत, मी हे वरपर्यंत नेईन असे सांगत, खाली उतरले. पायरीवर बसलेल्या बाईला ओलांडून जाणे त्यांना भाग होते. ती सरकली नाही.

"ओल लागंल आता तुमच्या कागदाला," ती त्यांना म्हणाली. "आमचा वास लागंल."

मी लेख लिहिला. गडांवरच्या याद्या, तरींचे ठेके, जकातीची नाकी हे सगळे त्यात घातले आणि शेवटी या रुमालाची हकीकत घातली. संपादकांनी हकीकत तेवढी कापली. दोन खेड्यांच्या नावांशी वाचकाला काय करायचे, असे त्यांचे मत होते. बातमीत उरले ते हे, की महाडचे जुने दप्तर घाटावर हलवण्यात आले असून दुबार कागद रीतसर नष्ट करण्यात आले.

गाड्या वरंध्याच्या घाटाने गेल्या. वखार रिकामी झाली. पुढे ती एका व्यापाऱ्याने भात साठवायला घेतली आणि पहिल्या पुरात त्याचे भात भिजले. दप्तरदारांची बदली कोरड्या हवेत झाली.

जंगलवाले आले तेव्हा वरच्या गावाने सांगितले की कागद आहे, घाटावरच्या दप्तरात आहे, बघून घ्या. जंगलवाल्यांनी तिकडे लिहिले. तिकडून उत्तर आले की सदर रुमाल लाखेचा असून तो उघडण्यास दोन्ही पक्षांनी हजर राहावे. बोलावणे दोन्ही गावांना एकाच मायन्याचे आले: मौजे बुद्रुक यांस. पाटील आणि आणखी दोघे पायी घाट चढून गेले. दप्तराच्या ओसरीवर ते दिवसभर बसले. खोत आले नाहीत. पुन्हा तारीख पडली. पुन्हा हे गेले आणि खोत आले नाहीत.

त्यांच्या न येण्याचे कारण खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होते. रुमाल उघडला असता तर दोन्ही गावांचे कागद अंमलदारासमोर वाचले गेले असते. वरच्या गावाच्या जबानीत बुद्रुक हे कोणते गाव, असा प्रश्न निघाला असता, आणि त्याचे उत्तर खोतांच्याच रुमालात होते. पानोपान खुर्द. ते घाटावरच्या कारकुनाने मोठ्याने वाचायचे, पाटलाने ऐकायचे आणि खाली येऊन सांगायचे. त्यापेक्षा खोतांनी रान सोडले. सोडले असे कोणाला सांगितले मात्र नाही. तब्येतीचे कारण कळवीत राहिले.

त्यामुळे तंटा निकालात निघाला नाही, आणि निघाला नाही म्हणून वहिवाट चालू राहिली. वरचे गाव टहाळ तोडीत राहिले. दोन गावांत त्यामुळे काही गोडवा आला नाही. खोतांच्या माणसांनी वरच्या गावाची गुरे कोंडवाड्यात घातली. वरच्या गावाने वेशीवरची पाटी एका रात्री काळी केली. शिमग्याला खुर्दाची पालखी रानात येईनाशी झाली. खोतांनी ती आपल्या वाड्यापुढेच नाचवायला सुरुवात केली. बुद्रुकाची पालखी मात्र रानात येऊन ठरलेल्या जागी, कोणी येणार नाही हे माहीत असूनही, खालच्या गावाची वाट बघत उभी राही. तेवढा वेळ ढोल जोरात वाजवीत, म्हणजे खाली ऐकू जावा.

काही वर्षांनी, उन्हाळ्यात, दुसऱ्या एका बातमीसाठी मी पोलादपूरच्या पुढे गेलो होतो. मधल्या रानाच्या पायथ्याशी हद्दीचे दगड तसेच पडले होते. निकालच झाला नव्हता, तेव्हा ते कोणी रोवले नव्हते. टहाळाचे भारे घेऊन वरच्या गावच्या बायका रानातून खालच्या उतारावरच्या आपल्या नाचणीच्या वाफ्यांकडे उतरत होत्या. त्या दगडांवर भारा टेकवून त्या दम घेत. दोन-तीन दगड त्यांनी एकावर एक रचले होते, म्हणजे भारा उतरवताना आणि पुन्हा घेताना वाकावे लागत नाही.

पाटलाची बहीण तिथे होती. भाऊ मागच्या पावसाळ्यात गेल्याचे तिने सांगितले. मला तिने ओळखले, पण ओळख दाखवताना आवाज सैल केला नाही.

"तू लिवलंस ना पेपरात?"

मी लिहिले होते, पण छापले नाही, असे सांगितले.

"गावाचं नाव लिवलं व्हतंस?"

"लिहिले होते."

"कुठलं?"

"बुद्रुक," मी म्हणालो.

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दगडावरच्या भाऱ्याकडे बोट केले. मी तो उचलून तिच्या डोक्यावर दिला. भारा नीट बसवून घेत तिने विचारले, "दोनांतलं कुठलं?" आणि उत्तराला न थांबता ती उतरू लागली.